घराबाहेरून मीडिया सर्व्हर उघडत नसेल तर : आतून बाहेर तपासत जाण्याची रीत

बेळगाव परिसरातल्या पुष्कळ मराठी घरांचा आता एकच पत्ता उरलेला नाही. आईवडील शहापुरात किंवा वडगावात, मुलगी पुण्यात नोकरीला, धाकटा पणजीला आणि मूळ घर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, अशी विभागणी सर्रास दिसते. अशा घरात कुणीतरी लग्नाच्या जुन्या डीव्हीडी, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची चित्रणे, गावच्या नाटकांची आणि सप्ताहातल्या कीर्तनांची रेकॉर्डिंग एका जुन्या संगणकावर गोळा करतो, त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्स हा मीडिया सर्व्हरचा, म्हणजे साठवलेली चित्रणे इतर यंत्रांना दाखवणारा, प्रोग्रॅम बसवतो आणि घरातल्या टीव्हीवर सगळे उत्तम चालते. पुण्याहून मुलगी तेच उघडायला जाते तेव्हा मात्र पडद्यावर काहीच येत नाही. हा लेख तेवढ्याच अडचणीपुरता आहे. सर्व्हर कसा बसवावा हे त्यात नाही.

या कामात नवख्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ राउटरवरचे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवणे) पुन्हा पुन्हा करून पाहण्यात जातो, आणि अनेकदा तो पूर्ण वाया जातो, कारण त्याच्या जोडणीला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ताच मिळालेला नसतो. म्हणून तपासणी नेहमी आतून बाहेर करावी : आधी सर्व्हरचा संगणक, मग घरातले वायफाय, मग राउटरचा बाहेरचा पत्ता, आणि त्यानंतरच पोर्ट. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नये. या लेखात पत्ते आणि पोर्ट देवनागरी अंकांत छापले आहेत. यंत्रात टाकताना ते कीबोर्डावरच्या रोजच्या इंग्रजी अंकांतच टाकावेत.

पहिली पायरी : सर्व्हर स्वतःशी बोलतो का?

सर्व्हर ज्या संगणकावर आहे त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८०९६ असे लिहावे. हा पत्ता म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता, आणि ८०९६ हे जेलीफिनचे ठरलेले पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावर जेलीफिन ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकत असते तो क्रमांक. प्लेक्स असेल तर पोर्ट ३२४०० असते आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन वेब हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा लागतो. पान उघडले नाही तर दोष इंटरनेटचा नाही. सर्व्हरचा प्रोग्रॅमच चालू नाही, असे समजून तो आधी चालू करावा. संगणक काही वेळाने झोपी जात असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करावे. दुपारी चालणारा आणि रात्री न चालणारा सर्व्हर बहुधा झोपलेला असतो.

दुसरी पायरी : घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून

आता सर्व्हरच्या संगणकाचा घरातला पत्ता शोधावा. विंडोजमध्ये तो नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ ॲड्रेस या नावाने दिसतो आणि बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होतो. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. घरच्या वायफायवर असलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२०:८०९६ लिहून पाहावे. संगणकावर पान उघडते आणि मोबाइलवर उघडत नाही, असे झाले तर पहिला संशय विंडोजच्या फायरवॉलवर, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर, घ्यावा. विंडोजने घरचे नेटवर्क पब्लिक म्हणून धरले असेल तर ते बाहेरून येणाऱ्या विनंत्या अडवते. ते प्रायव्हेट करावे आणि सर्व्हरच्या प्रोग्रॅमला फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी. दुसरे कारण म्हणजे मोबाइल पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर असणे. त्या जाळ्यातल्या यंत्रांना घरातली इतर यंत्रे मुद्दामच दिसू दिली जात नाहीत.

घरात पान उघडले की लगेच राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन सर्व्हरला तो पत्ता कायमचा बांधून द्यावा. या सोयीला डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. हे काम किरकोळ वाटते, म्हणून ते राहून जाते. माझ्याकडे एका पावसाळ्यात रात्रभर वीज नव्हती. सकाळी ती आल्यावर सगळी यंत्रे एकदमच जागी झाली आणि सर्व्हरचा जुना पत्ता राउटरने आमच्या टीव्हीला देऊन टाकला. पुढचे दोन दिवस बाहेरून येणारी प्रत्येक विनंती टीव्हीच्या दारावर थडकत होती आणि मी जेलीफिन काढून पुन्हा बसवत होतो.

तिसरी पायरी : आपल्याला बाहेरचा पत्ता मिळाला आहे का?

सगळ्या तपासणीची खरी कळ या पायरीत आहे, म्हणून इथे थोडे थांबून समजून घ्यावे. गल्लीतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा दाखला घेऊ. वाड्यात आठ बिऱ्हाडे असली तरी पोस्टमनला ठाऊक असतो तो वाड्याचा घर क्रमांक; आत कुणाची खोली कुठे हे वाड्याच्या दारात बसणाऱ्या माणसाला विचारावे लागते. राउटर म्हणजे दारातला तो माणूस. बाहेरून पत्र आले की ते कोणत्या खोलीत द्यायचे हे त्याला सांगून ठेवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पण समजा पालिकेने वाड्याला स्वतंत्र क्रमांकच दिला नाही आणि सबंध गल्लीला मिळून एकच क्रमांक दिला, तर पत्र गल्लीच्या तोंडाशीच अडेल. आपल्या दारातल्या माणसाला कितीही बजावून ठेवले तरी त्याच्यापर्यंत पत्र पोहोचणारच नाही.

इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या आज नेमके हेच करतात. आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच निघतात. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि आशिया-प्रशांत विभागाला त्याच वर्षी एप्रिलपासून काटकसरीने पत्ते वाटावे लागले. मग शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवण्याची पद्धत रूढ झाली. तिला सीजीनॅट म्हणतात, आणि तिच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते राखून ठेवण्यात आले. आपल्याकडे फायबरची जोडणी शहरात असो वा निपाणी, चिकोडीकडच्या गावात, सीजीनॅट आहे असे गृहीत धरून मगच तपासायला बसावे, असे माझे मत आहे.

तपास असा करावा. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट स्टेटस या भागात राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता दिसतो, तो कागदावर लिहावा. मग घरच्याच वायफायवरून, व्हीपीएन बंद असताना, आपला आयपी पत्ता दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडावे आणि तिथला आयपीव्ही४ पत्ता शेजारी लिहावा. दोन्ही पत्ते एकच असतील तर आपल्याला स्वतंत्र पत्ता आहे. सरळ पाचव्या पायरीकडे जावे. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर ते सीजीनॅट आहे आणि त्या जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग कधीही चालणार नाही. राउटरवरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा आपल्याच घरात दोन राउटर एकापुढे एक लागले आहेत : कंपनीने दिलेली फायबरची पेटी स्वतःच राउटर असते आणि तिच्यामागे आपण विकत आणलेला दुसरा राउटर असतो. पत्ता १० ने सुरू होत असेल तर दोन्ही शक्यता उरतात. तेव्हा फायबरच्या पेटीच्या पानावर जाऊन तिचा बाहेरचा पत्ता पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

दोन राउटरांच्या अडचणीला उपाय सोपा आहे. एकतर कंपनीची पेटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावी, म्हणजे ती नुसती तार जोडण्याचे काम करील. किंवा आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावा, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवील. प्लेक्सच्या रिमोट ॲक्सेसच्या पानावर हिरवी खूण येते आणि थोड्या वेळाने पुन्हा लाल होते, हे या दुहेरी राउटरचे नेहमीचे लक्षण आहे.

चौथी पायरी : सीजीनॅट निघाले तर

पहिला मार्ग म्हणजे कंपनीकडे स्वतंत्र बाहेरचा पत्ता मागणे. कंपनीच्या माणसाशी बोलताना आपल्या भागात भाषेची अडचण येते, असे नवीन लोक सांगतात. फोनवरचा माणूस कन्नड किंवा हिंदी बोलतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना संगणकाची गोष्ट त्या भाषेत सांगणे जमत नाही. सुदैवाने इथे लागणारे शब्द तिन्ही भाषांत तेच आहेत. ‘पब्लिक आयपी’, ‘स्टॅटिक आयपी’, ‘ब्रिज मोड’ आणि ‘सीजीनॅट’ एवढे चार शब्द त्यांना कागदावर लिहून द्यावेत. ‘नेट स्लो आहे’ किंवा ‘सर्व्हर चालत नाही’ असे मुळीच सांगू नये, कारण मग तो माणूस राउटर बंद करून चालू करायला सांगतो आणि तक्रार मिटल्याची नोंद करतो. स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे न बदलणाऱ्या बाहेरच्या पत्त्यासाठी, कंपन्या सहसा वेगळे शुल्क घेतात, आणि काही ठिकाणी तो घरगुती योजनेवर मिळतही नाही.

दुसरा मार्ग आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा. त्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला २ किंवा ३ या अंकाने सुरू होणारा स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळू शकतो. भारतात मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणात चालते, म्हणून हा मार्ग आपल्याकडे पाहण्यासारखा आहे. मात्र तो घरच्या आणि पाहणाऱ्याच्या अशा दोन्ही जोडण्यांवर असावा लागतो, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडावे लागते, आणि कंपनी पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलते. मुलगी पुण्याच्या ज्या वसतिगृहात राहते तिथल्या वायफायवर आयपीव्ही६ नसेल तर सगळी मेहनत फुकट. नवख्या माणसाने याच्या मागे लागू नये.

तिसरा मार्ग मी स्वतः वापरतो आणि तोच आधी करून पाहावा असे सुचवतो : टेलस्केलसारखे खासगी जाळे. वायरगार्ड या पद्धतीवर चालणारे हे साधन सर्व्हरच्या संगणकावर आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलवर बसवून दोन्हीकडे एकाच खात्याने आत शिरले की दोन्ही यंत्रे एकाच घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. दोन्ही बाजू आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि राउटरमध्ये एकही दार उघडावे लागत नाही. घरगुती वापराला त्याची मोफत योजना पुरते. मग मोबाइलवर टेलस्केलने सर्व्हरला दिलेला पत्ता लिहून पुढे :८०९६ लावायचे, एवढेच.

या साधनाच्या चार खोडी आधीच ठाऊक असाव्यात. टेलस्केल आपल्या यंत्रांना जे पत्ते देते ते १००.६४ ते १००.१२७ याच पट्ट्यातले असतात. ते पाहून सीजीनॅटचा निष्कर्ष काढू नये, त्यासाठी राउटरच्या पानावरचाच पत्ता पाहावा. दुसरे, नेहमीच्या मांडणीत प्रत्येक यंत्राची ओळख १८० दिवसांनी संपते. सहा महिने छान चाललेला सर्व्हर अचानक दिसेनासा झाला तर बहुधा हेच झालेले असते, म्हणून टेलस्केलच्या व्यवस्थापन पानावर निदान सर्व्हरपुरती ही मुदत बंद करावी. तिसरे, दोन्ही बाजूंची जाळी फार कडक असली तर थेट जोडणी जमत नाही आणि माहिती मधल्या केंद्रावरून फिरून येते; टेलस्केलच्या स्टेटसमध्ये डायरेक्टऐवजी रिले असे दिसले तर चित्र अडखळण्याचे कारण तिथेच सापडते. चौथे, अँड्रॉइड टीव्हीवर ते बसते, पण अनेक स्मार्ट टीव्हींवर बसत नाही. तिथे टीव्हीला एखादी अँड्रॉइडची पेटी लावावी लागते.

जेलीफिन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. नेटवर्किंगच्या सेटिंगमध्ये ‘रिमोट कनेक्शन्स’ना परवानगी देणारी चौकट असते आणि तशीच एक प्रत्येक वापरकर्त्याच्या नावापुढेही असते. टेलस्केलवरून येणारा माणूस जेलीफिनला घरचा वाटत नाही, बाहेरचा वाटतो. म्हणून दोन्ही चौकटींत खूण असावी. प्लेक्सच्या बाबतीत एप्रिल २०२५ मध्ये धोरण बदलले : आपल्या सर्व्हरवरची चित्रणे बाहेरून पाहायची तर सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास किंवा पाहणाऱ्याकडे रिमोट वॉच पास हवा. सगळ्या तारा नीट असूनही प्लेक्स पैसे मागत असेल तर तो बिघाड समजू नये.

पाचवी पायरी : पोर्ट उघडणे आणि बाहेरून पाहणे

स्वतंत्र पत्ता असलेल्यांनीच ही पायरी करावी. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, व्हर्च्युअल सर्व्हर किंवा नॅट अशा एखाद्या नावाखाली हा तक्ता सापडतो. त्यात बाहेरचे पोर्ट, आतले पोर्ट, सर्व्हरचा बांधून दिलेला पत्ता आणि टीसीपी असे चार रकाने भरावेत. प्लेक्ससाठी दोन्हीकडे ३२४०० लिहावे आणि प्लेक्सच्या रिमोट ॲक्सेसमध्ये पोर्ट हाताने ठरवण्याच्या चौकटीत खूण करून तेच लिहावे.

चाचणी घेताना मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच पाहावे. अनेक राउटर आतल्या माणसाला बाहेरच्या पत्त्यावरून फिरून पुन्हा आत येऊ देत नाहीत. त्यामुळे घरात बसून केलेली चाचणी नापास झाली तरी बाहेर सगळे ठीक असू शकते. उत्तर कोणत्या प्रकारचे येते हेही लक्षपूर्वक पाहावे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे तत्काळ आले तर विनंती कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोहोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारे कुणी नव्हते : सर्व्हर बंद आहे किंवा तक्त्यात पत्ता चुकला आहे. बराच वेळ वाट पाहून ‘टाइम्ड आउट’ आले तर विनंती वाटेतच गडप झाली : फायरवॉल, दुसरा राउटर किंवा सीजीनॅट.

बाहेरचा पत्ता राउटर पुन्हा सुरू झाल्यावर बदलत असेल तर डकडीएनएससारख्या मोफत सेवेवर एक नाव घ्यावे आणि बदललेला पत्ता त्या नावाला आपोआप कळवण्याची सोय राउटरवर किंवा सर्व्हरवर करावी.

इथे एक इशारा आवश्यक आहे. जेलीफिनचे ८०९६ हे पोर्ट तसेच जगासाठी उघडे टाकू नये, कारण त्यावरून परवलीचा शब्द झाकल्याविना जातो. पुढे कॅडीसारखा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे सर्व्हरच्या वतीने बाहेरच्या विनंत्या घेणारा प्रोग्रॅम, ठेवला तर माहिती झाकून पाठवण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र तो लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून आपणहून घेतो आणि वेळेवर नवे करतो. सर्व्हरची आवृत्तीही ताजी ठेवावी. २०२२ मध्ये लास्टपास या परवलीचे शब्द सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात चोर शिरले ते त्यावरच्या प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतून, आणि त्या भोकाची दुरुस्ती २०२० मध्येच उपलब्ध झाली होती.

सहावी पायरी : उघडते, पण अडखळते

जोडणी झाली आणि चित्र थांबत थांबत चालते, तर आता प्रश्न वेगाचा आहे. पाहणाऱ्याचा डाउनलोड हा घरच्या सर्व्हरचा अपलोड असतो, म्हणून घरी वेगाची चाचणी घेऊन अपलोडचाच आकडा पाहावा. ८ एमबीपीएसचे चित्रण तासाला ३.६ जीबी माहिती पाठवते. दिवाळीत पुणे, पणजी आणि जांबोटी अशा तीन ठिकाणी ते एकाच वेळी लागले तर २४ एमबीपीएस अपलोड लागतो. जेलीफिनमध्ये बाहेरच्या प्रेक्षकांसाठी बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला पाठवायच्या माहितीची, मर्यादा घालता येते. प्लेक्स थेट जोडणी न जमल्यास स्वतःच्या रिलेवरून चित्र पाठवते, पण त्याला एक-दोन एमबीपीएसच मिळतात, म्हणून तिथे चित्र धूसर दिसते.

अपलोड भरपूर असूनही अडखळत असेल तर सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडून ट्रान्सकोडिंग (चित्रण पाठवता पाठवता दुसऱ्या प्रकारात बदलणे) चालू आहे का ते पाहावे. आपल्या घरांत हे हमखास होते, कारण लग्नाच्या डीव्हीडीवरचे चित्रण एमपेग-२ प्रकारचे असते आणि ब्राउझर ते थेट चालवत नाहीत. मग जुना संगणक प्रत्येक वेळी ते चित्रण नव्याने गुंफत बसतो, तापतो आणि मागे पडतो. प्रेक्षक येण्याआधीच, एकदाच, हँडब्रेक या मोफत साधनाने ती चित्रणे एच.२६४ आणि एएसी ध्वनीच्या एमपी४ फाइलींत बदलून घ्यावीत. डीइंटरलेसचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर वरातीतल्या लोकांच्या कडांना करवतीसारखे दाते दिसतात. मूळ डीव्हीडीची प्रत मात्र टाकून देऊ नये.

काल चालत होते, आज नाही

आधी चालणारी जोडणी अचानक तुटली तर वरच्या पायऱ्या चढण्याआधी वीज आणि पाऊस आठवावा. राउटर, फायबरची पेटी आणि सर्व्हर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत, आणि संगणकाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करावा. खानापूरकडच्या पावसात फांदी पडून फायबर तुटणे नवीन नाही. पेटीवरचा एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल तर घरातले कोणतेही सेटिंग बदलू नये, फक्त तक्रार नोंदवावी.

घरी आईवडील एकटे असतील तर त्यांना पुण्याहून फोन करून एवढेच विचारावे : पेटीवर लाल दिवा आहे का, सर्व्हरच्या संगणकाचा दिवा लागला आहे का, आणि घरच्या टीव्हीवर चित्रण चालते का. पहिल्याचे उत्तर हो आले तर कंपनीला फोन. दुसऱ्याचे नाही आले तर संगणकाचे बटण. तिन्ही ठीक असतील तर टेलस्केलची मुदत, आणि ती संपली नसेल तर राउटरचा बाहेरचा पत्ता, या क्रमाने पाहावे.